चक्का टांगून ठेव

हॅलो?

कोण, मैथिली?… अगं, सकाळी सकाळी! बोल, बोल. झाला का चक्का?

थांब, थांब, आधी मला हसू दे… ऐकते ना, ऐकते. पण पहिले सांग, घट्ट झाला का? पूर्ण दोन लिटर दह्याचा लावला ना? बाल्कनीतच टांगला, खुंटीला?… कशात बांधला?… अथर्वच्या पंच्यात! अरे बाप्पा!

काय?… आवाज नीट येऊन नाही राहिला. कोण ओरडून राहिलं मागं? बाजारात आहे का तू?… बरं बाई, बाहेर तर बाहेर.

एक मिनिट हं… भैया, आज एक ही लीटर. हाँ, एक. हमको दही नहीं जमाना है!… हां, बोल. दूधवाला होता.

हो, हो… अगं ऐक ना. अथर्व आला का ड्यूटीवरून?… यायचा आहे अजून? म्हणजे त्यानं ते गाठोडं पाहिलंच नाही! मग मजा तर बाकीच आहे. खमरियाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नवरा येणार, चाक पाहायला जाणार, आणि खुंटीला काय, तर श्रीखंडाची तयारी!

रडून राहिली का तू?… एवढ्यानं कोणी रडतं का? चाकच आहे ते. एका रविवारी मित्रांसोबत सायकलनं पाटणला नाही गेला तर काय मरत नाही तुझा नवरा. ओरडेल थोडा. खायचं त्याचं ओरडणं. आम्ही नाही खाल्लं?

हो, चाक. आता तरी समजलं ना? इथं हिंदीत चाकाला चक्का म्हणतात. सायकलचा चक्का, रिक्षाचा चक्का. आणि ते दूध म्हणजे म्हशीचं नाही, माझे माय. ट्यूब नसते ना त्या टायरात, म्हणून आत पांढरं पातळ टाकतात. बारीक भोकं बुजतात त्यानं. सगळे त्याला दूधच म्हणतात. चाक टांगायचं, येताजाता फिरवायचं, सकाळपर्यंत चारी बाजूंनी बसून जातं. तेवढंच सांगितलं होतं त्यानं तुला. 'चक्का टांगून ठेव, दूध टाकलंय, रात्रभर बसू दे.' आणि तू दही आणायला पळाली!

हो. माहीत होतं मला. मग?… काल तुझा फोन आला तेव्हाच समजलं. 'ताई, हे दुधाचा चक्का म्हणाले, पण चक्का तर दह्याचा करतात ना?' मला तर तोंडात पदर कोंबावा लागला. कारखान्याच्या गेटवर मोबाइल जमा करतात, त्याला काही तू पुन्हा विचारू शकत नव्हती. म्हटलं, चलो, करू दे तिला. शुद्ध मराठीवाली आहे, तिला आपण काय चक्का शिकवणार!

काहून म्हणजे?… दसरा विसरली का तू? भरल्या पंगतीत मला म्हणाली, 'ताई, करून राहिली नाही, करतेय म्हणायचं.' अंजनीकाकू हसल्या. माझी जाऊ हसली. माझ्या घरात, माझ्या हातच्या पोळ्या खाता खाता! जन्म गेला माझा हे बोलता बोलता, आणि तू काल सांगलीहून आली आणि मला बोलणं शिकवून राहिली?… चुकून बोलली? मग मीही चुकूनच बोलली, 'दह्याचा कर' म्हणून. झाली फिट्टंफाट. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तुमच्या शुद्ध मराठीतच आहे ना ते?

वेदांत?… त्याचं काय मधेच?… हो, माहीत आहे. पहाटे तुमच्याकडूनच सायकल घेऊन गेला ना तो. आज सायकलच्या टीमची निवड आहे ना माझ्या लेकाची, भेडाघाटच्या रस्त्यावर. मी नाही केला त्याला फोन. आज नाहीच करत. देवाजवळ दिवा लावून बसली आहे. आज झालं तर झालं, पुढच्या वर्षी वयात नाही बसत तो. पोरगं झोपेतसुद्धा टीमचंच बडबडतं. आणि सायकल पाहिली ना कशी केली मामानं? गियर नवे, ब्रेक नवे, जुन्या ट्यूबा काढून फेकल्या. मामा असावा तर असा. फक्त बायको तेवढी…

बोलू देत नाही? मी?… कधीची ऐकूनच तर राहिली तुझं! आणि फोन लागत नव्हता तर काय झालं, शेजारच्या दीपाशी बोलत होती मी. हो, तुझीच गोष्ट. काहून नाही सांगायची? ती म्हणे, 'ताई, श्रीखंडाला वेलची मी आणते.' हसून हसून खोकला लागला तिला.

काय नव्हता?… अथर्वचा नव्हता? मग कोणाचा चक्का?

…

नाही. त्याचं तर गुरुवारीच झालं. मला स्वतः सांगितलं त्यानं, 'आई, दोन्ही टायर झाले.'… पुन्हा? हवा निघून राहिली होती?… मागच्या चाकातून… म्हणून अथर्वनं काल संध्याकाळी पुन्हा दूध टाकलं. आणि ड्यूटीवर जाता जाता तुला…

आणि ते चाक रात्रभर कुठं होतं?… फरशीवर. तसंच आडवं.

मग नेऊ काहून दिलं त्याला?… दबलेलं होतं, हो… पंपानं हवा भरली… 'होऊन जाईल मामी' म्हणाला… आणि गाठोडं पाहून हसला?

पुढं सांग… उतारावर?… टायर सुटला? चालता चालता?… मैथिली, नीट सांग. डोकं? हेल्मेट होतं ना?… शुद्धीवर आहे? बोलून राहिला?… आहे ना बोलून राहिला? नक्की?… तू कुठं आहे? हा कशाचा आवाज आहे?

दवाखान्यात.

मघापासून दवाखान्यातच उभी आहे तू? आणि मला सांगितलं काहून नाही?… हो… हो, नाही सांगू दिलं मी. पण मला आधी फोन काहून नाही… हो. दीपा.

खांदा?… हाड मोडलं… ऑपरेशन?… आणि निवड? त्यांनी काही नंतर, पुन्हा एखाद्या दिवशी… नाही घेत?… नाही.

निघाली मी. रिक्षा करते… थांब, ठेवू नको! ऐक. मैथिली, ऐक ना बेटा. काल तू मला विचारलं होतं, ते सांगितलं का कोणाला?… अथर्वला?… तो यायचाच आहे, बरोबर. मग नको सांगू. म्हण, मला समजलं नाही. तू नवीन आहे इथं, तुला कोणी काही म्हणणार नाही. रागावतील चार दिवस, विसरून जातील. तुझं काय जातं? तुला तर नाहीतरी सगळे… माझं एकच लेकरू आहे गं. दीपाचं मी पाहते. तिला मी सांगते, गंमत केली म्हणून. तू फक्त माझं नाव नको घेऊ.

हो म्हण ना.

वेदांतनं विचारलं? काय विचारलं?… आत्ता?… रागावला नाही?… मग काय म्हणाला? सांग ना गं, काय म्हणाला तो?

…

'मामी, समजलं नव्हतं तर आईला एक फोन करायचा ना. आईनं लगेच सांगितलं असतं.'

…असं म्हणाला?

मग… मग तू काय म्हणाली?

मैथिली? तू काय म्हणाली त्याला?

हॅलो?… हॅलो?