करडू आईपाशीच

शिरूर अनंतपाळच्या जनावरांच्या दवाखान्यापुढं रांग लागली होती. सगुणाबाईंचा सगळा जन्म शेरडांमागं गेलेला. त्यांच्या पुढं उभे किराणावाले विरूपाक्षअप्पा, पहिलीच शेळी घेऊन. करडू तिला लुचत होतं.

"मावशी, वाटीभरबी दूध देईना बघा."

"करडू रातचं कुठं असतंय?"

"आईपाशीच."

"मग तुम्हाला काय राहील, अप्पा? रातचं डालग्याखाली झाकायचं. सकाळी धार काढली की सोडायचं."

"झाकलं होतं की एकदा. लई वरडलं. बायको रडायली, मीच उठून सोडलं."

"दोन दिवस वरडतंय, मग गप बसतंय."

"न्हाई मावशी. लेकराला मायपासून तोडायचं म्हंजे पाप हाय."

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला.

"बोल शिवानी. पुन्हा तीच रड? सहावीपासून लातूरला ठेवलंय ते कशाला? डॉक्टर व्हायचंय ना? न्हाई, घरी आईला फोन लावायचा न्हाई, तीबी रडत बसती. दिवाळीपर्यंत घरचं नाव काढायचं न्हाई. ठेव."

करडू तोवर भटकत सगुणाबाईंच्या पायाशी आलं होतं. अप्पांनी ते अलगद उचललं, पुन्हा सडाला लावलं.

"पी रे बाळा, पी. तुझी माय हितंच हाय."