दारात सांगितलेला आकडा

मंडळी, जरा पुढे सरका. पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत. लग्नात आपण पुढच्या खुर्चीसाठी रुमाल टाकतो आणि शोकसभेत मागच्या भिंतीला चिकटतो. कुंदाताईंना हे आवडलं नसतं. त्या कुणाच्याही घरी सरळ आत जायच्या.

मी बोलणार नव्हतो. रविवारच्या पुरवणीत लोकांची टिंगल करणारा माणूस मी. असल्या सभेत मला वाक्य सुचत नाही. पण माझ्याआधी आमचे साहेब बोलले आणि आता गप्प बसणं मला जमणार नाही.

साहेब म्हणाले, "कुंदाताई अत्यंत समाधानी होत्या. त्यांनी कधी काही मागितलं नाही." तुम्ही माना हलवल्या. मीही हलवली, सवयीनं. मग या फोटोकडे लक्ष गेलं आणि मान थांबली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. नव्या रायपुरात आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही लोकांचं सुख मोजतो. हसू नका, खरंच मोजतो, छापील फॉर्मवर. "तुम्ही तुमच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? शून्य ते दहा." वीस वर्षं कुंदाताई हा प्रश्न घेऊन घरोघरी फिरल्या, कॉन्ट्रॅक्टवर. वीस वर्षं मी पंख्याखाली बसून त्यांचे फॉर्म तपासले, पर्मनंट. आता सांगा, यात समाधानी कोण?

कुंदाताई पट्ट्याचे सँडल घालायच्या. दोन बक्कलवाले. उन्हाळ्यात, पावसात, चिखलात तेच. मी एकदा म्हटलं, "ताई, साधी चप्पल काहून नाही घालत? दर घरी वाकता, पट्टा ओढता, कंबर मोडून जाईल."

त्या म्हणाल्या, "भाऊ, साधी चप्पल एका झटक्यात पायात जाते. मंग दारात बोलणार कोण?"

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. एका घरी सासू, दीर, नवरा सगळे खाटेवर बसलेले. सुनेला विचारलं, किती? सून म्हणाली, "दस लिख दो दीदी." सासू म्हणाली, "हव, दस." कुंदाताईंनी दहा लिहिलं, पाणी प्यायलं, उठल्या, बाहेर आल्या आणि पट्टा लावायला बसल्या. एक बक्कल झालं. दुसरं मुद्दाम सुटू दिलं. सून ओला हात पदराला पुसत आली आणि हळूच म्हणाली, "दीदी, तीन लिखना."

दरवेळी रडगाणंच निघायचं असं समजू नका. एक म्हातारबुवा चार पोरांसमोर कपाळावर हात मारून म्हणाले, "दो. दो भी ज्यादा है." आणि फाटकाशी येऊन इकडेतिकडे पाहत कुजबुजले, "नौ लिखो बेटी. बहू बहुत अच्छी है. पर सुन लेगी तो सिर पर चढ़ जाएगी."

घरात सांगितलेला आकडा घरासाठी असतो. दारातला आकडा आपला असतो. हे कुठल्या विद्यापीठानं त्यांना शिकवलं? कुठल्याच नाही. दोन बक्कलांनी शिकवलं.

मग त्या फॉर्मवर दोन्ही लिहायच्या. रकान्यात दहा. बाजूला बारीक अक्षरात, "दारात – तीन." आणि तो फॉर्म माझ्या टेबलावर यायचा. नियम असा की पहिलं उत्तर तेच उत्तर. माझ्याकडे लाल पेन. मी दारातला आकडा खोडायचो. वीस वर्षं खोडला, मंडळी. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी कुंदाताई आल्या असतील आणि तुम्ही दारात खरं बोलला असाल, तर ते मी खोडलंय.

आणि खोडून काय व्हायचं? रिपोर्ट चकाचक व्हायचा. दहा सांगणाऱ्या पाऱ्याला, म्हणजे त्या वस्तीला, काय द्यायचं? तिथे तर सगळे खूश! अर्थशास्त्र मला फारसं येत नाही, पण एवढं पक्कं कळलं की समाधानी माणूस सगळ्यांत स्वस्त पडतो. त्याला नळ लागत नाही. त्याला बस लागत नाही. त्याला पक्की नोकरी लागत नाही. दर वर्षी कायम करायच्या यादीत कुंदाताईंचं नाव यायचं आणि दर वर्षी वरून एकच शेरा यायचा, "त्यांची काही तक्रार नाही." बसथांब्यापासून ऑफिसपर्यंतचा तो रुंद, सावली नसलेला रस्ता त्या रोज पायी तुडवायच्या आणि आम्ही गाडीची काच वर करून म्हणायचो, बघा, कशी हसत चालून राहिली.

साहेब, त्यांनी मागितलं होतं. प्रत्येक फॉर्मवर मागितलं होतं. एवढंच की माणूस दोनदा बोलतो, दुसऱ्यांदाचंही ऐका.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. मागच्या दिवाळीत कुंदाताई बूढ़ापाऱ्यात आमच्या घरी फराळाला आल्या होत्या. निघताना दारात पट्टा लावत बसल्या. मी गमतीत विचारलं, "ताई, जगाचा आकडा विचारता. तुमचा किती?" त्यांचा हात बक्कलवर थांबला. त्यांनी वर पाहिलं. तोंड उघडलं. आणि मी, बडबड्या माणूस, मीच बोललो, "नऊ ना? मीटिंगमध्ये साहेबांसमोर नऊ सांगितलं होतं तुम्ही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "हव भाऊ. नऊच." पट्टा लावला आणि गेल्या.

वीस वर्षांत एकदा त्या बाईला दार मिळालं होतं. ते मी बंद केलं.

मंगळवारी सकाळी त्या गेल्या. ओट्यापाशी उभ्या होत्या, तिथेच छातीत कळ आली. परवा त्यांच्या लेकीनं, पल्लवीनं, एक पिशवी माझ्या हातात दिली. "मामा, ये मां का आखिरी काम है. ऑफिसवाले मांग रहे हैं." शेवटच्या फेरीचे फॉर्म. प्रत्येकावर दोन आकडे. काल साहेबांचा निरोप आला, पहिला आकडा ठेवा, बाकी साफ करा, सोमवारपर्यंत द्या.

साहेब, सोमवार कशाला? आजच सांगतो, चार लोकांसमोर. सगळे फॉर्म तपासून झाले आहेत. एकही आकडा खोडलेला नाही. "दारात" या शब्दाखाली, प्रत्येक फॉर्मवर, मी पूर्ण नावानं सही केली आहे. दुसऱ्या कुणाकडून खोडून घ्यायचे तर घ्या. पण मग त्याला माझ्या सहीवरून रेघ ओढावी लागेल, आणि ती कुणी ओढली हे मी रविवारी छापीन. माझं लाल पेन मी गोल बाजारातल्या नालीत टाकून आलोय. ते शोधायला मात्र जाऊ नका, त्या नालीचा आकडा कुणी घेतलेला नाही.

आणि पल्लवी, तुझ्या आईला कुणी समाधानी म्हटलं तर मान हलवू नको. दुःखी म्हटलं तरी हलवू नको. आम्हाला माहीत नाही. आम्ही ऐकून घेतलं नाही. तिचा रकाना रिकामा आहे आणि तो रिकामाच राहील. साहेबांनी भरू नये. मीही भरणार नाही.

आता उभे राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये, माझ्यासकट.

त्यानंतर बाहेर जाल तेव्हा एक करा. दारात चपलांचा ढीग आहे. घाई करू नका. पट्टा असेल तर सावकाश लावा. नसेल तरी थोडं वाका. शेजारी जो वाकलेला असेल, त्याला काही सांगायचं असेल.

कुंदाताई, माझ्या ताई, नमस्कार.