अबोल्यातली सहा काजं

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, हे शेवटचे नीट कधी होते?" आता काय सांगू? नीट म्हणाल तर हा माणूस लग्न झाल्यापासून... नाही, जाऊ दे. डॉक्टर तरुण होते, पोटतिडकीने विचारत होते, दर वाक्याला घड्याळाकडे बघत होते. आणि मी गप्प. जिच्या बोलण्यात गिऱ्हाईक माप द्यायचं विसरतं, ती मी गप्प.

कारण आमचा अबोला होता ना.

तुम्हाला सांगते, आम्ही शिंपी. एका खोलीत दोन मशीन, पाठीला पाठ. भांडण म्हणून नव्हे हो, दोन बाजूंना दोन खिडक्या, दोघांनाही उजेड मिळावा म्हणून. ते कापणार, शिवणार. मी काज-बटणं, हातशिलाई आणि बोलणं. पण भांडण झालं की आरडाओरडा नाही, थेट अबोला. एकदा तर अकरा दिवस चालला, हिरव्या पडद्यावरून. मला हिरवा हवा, त्यांना नको. शेवटी पडदा लावलाच नाही. कामं मात्र थांबत नाहीत, मध्ये गिऱ्हाईक असतं ना. "दादा, त्यांना सांगा, कॉलर झाली." "त्यांना म्हणावं, दिसतंय मला." बिचारं गिऱ्हाईक दोन पाठींच्या मध्ये उभं राहून निरोप पोचवतं. जो आधी बोलेल तो हरला, एवढाच नियम. मग मी का आधी बोलू?

या खेपेचं भांडण रक्तदाबाच्या गोळीवरून. रोज सकाळी एक, चुकवायची नाही, असं बजावून दिलेली. यांनी महिनाभर घेतली आणि बंद. का, तर "आता छान वाटतंय." अहो, छान वाटतंय ते गोळीनेच वाटतंय ना? "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मला काही होत नाही." दाब दुखत नसतो हो, तीच तर त्याची लबाडी, पण हे तेव्हा मलाही कुठे माहीत? सोमवारी सकाळी मी गोळ्यांची नवी पट्टी आणून त्यांच्या मशीनवर ठेवली. यांनी तिच्यावर कापड पसरलं. म्हटलं, "ठीक. गोळी घेत नाही तोवर मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही." केवढा धाक घातला असं वाटलं मला.

सोमवार गेला. मंगळवार, बुधवार. गुरुवारी सकाळी मी चहाचा कप न बघताच मागे सरकवला. जरा वेळाने कप उचलते तर अर्धा कपात, अर्धा जमिनीवर सांडलेला. मनात म्हटलं, मुद्दाम. पुसणार कोण, मीच ना. मग कातर पडली, दणकन. शिंप्याच्या हातून कातर पडत नाही हो, लेकरासारखी जपतात ती. मी म्हटलं, आपटली, माझ्यावरच्या रागाने आपटली. परत पडली. म्हटलं, आपटा. किती आपटायची तेवढी आपटा, मी का आधी बोलू? मग त्यांचं मशीन थांबलं. म्हटलं, आता संपच. एकदा काहीतरी पुटपुटले, जड, तोंड न उघडता. म्हटलं, शिव्या देतायत. आणि इकडे माझं काज चालूच. एका कोटाला सहा काजं होती, सहाही सुरेख झाली. इतकी सुरेख काजं मी त्यानंतर केलेली नाहीत...

साडेअकराला नर्सबाई आल्या. याच, ज्यांनी आज मला तुमच्यापुढे बोलायला बसवलंय. निवृत्त झाल्यात, नजर काही निवृत्त झालेली नाही. कोट त्यांचाच. मी वळलेसुद्धा नाही, म्हटलं, "बाई, त्यांना सांगा, काजं झाली, आता बाही लावा म्हणावं." बाई निरोप घेऊन पुढे गेल्या आणि तिथेच थबकल्या. "मास्तर, जरा हसून दाखवा." मला वाटलं, भांडण मिटवतायत. म्हटलंसुद्धा, "बाई, ते नाही हसायचे." "मास्तर, दोन्ही हात वर करा. आता माझ्यामागून म्हणा, आज गुरुवार आहे."

तेव्हा मी वळले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हसू अर्ध्याच तोंडावर होतं. उजवी बाजू ओघळलेली, टाका उसवल्यासारखी. डावा हात वर आणि उजवा मांडीवर पडलेला, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. आणि गुरुवारचं काहीतरी भलतंच झालं तोंडात. "रुग्णवाहिका," बाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता. पाणी पाजू नका. 'जरा पडा, वाटेल बरं' असलं तर बोलूच नका."

मग दवाखान्यात तो प्रश्न. शेवटचे नीट कधी होते? "ताई, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या साडेचार तासांतच. वेळच माहीत नसेल तर उलट रक्तस्राव व्हायचा. सकाळी उठल्यावर नीट बोलले?" माहीत नाही. "चहा घेताना चेहरा कसा होता?" पाठ होती माझी. "रात्री?" भिंतीकडे तोंड करून झोपले होते. "बरं, तुमच्याशी शेवटचं कधी बोलले?"

म्हटलं, "सोमवारी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, आज गुरुवार आहे."

मी परगावी असते तर गोष्ट वेगळी. दोन हातांवर बसले होते हो मी, दोन हातांवर. इंजेक्शन दिलं नाही त्यांनी. त्यांचं काही चुकलं नाही.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. त्यांच्या खडूंच्या डब्यात हात घातला तर ती पट्टी. सोमवारची, दहा गोळ्यांची. तीन खळगे रिकामे. मंगळवार, बुधवार, गुरुवार. घेत होते... मंगळवारीच हरले होते, पण मला सांगायचं तर आधी बोलावं लागलं असतं ना? डॉक्टर म्हणाले, महिनोन्महिने चुकवलेलं तीन दिवसांत भरून निघत नाही. असेल तसं. मी तीन खळगे मोजत बसते.

आता मी दोन्ही मशीन समोरासमोर लावलीत. उजेड गेला खड्ड्यात. तुम्हाला सांगते, भांडा, हवं तेवढं भांडा, पण तोंडाकडे बघून भांडा. हसू वाकडं दिसलं, हात उचलेना, शब्द अडखळला, तर मानापमान बाजूला आणि आधी घड्याळ बघा. डॉक्टर तेच विचारणार आहेत.

बोलण्यातला एकच शब्द परत आलाय त्यांचा. "बरं." चहा देऊ? बरं. पाय दुखतोय? बरं. गोळी घ्या. बरं. सत्तावीस वर्षांत माझ्या एकाही म्हणण्याला जो माणूस बरं म्हणाला नाही, तो आता दिवसभर बरं म्हणतो. परवा मुद्दाम उकरून काढलं. म्हटलं, "खिडकीला हिरवा पडदा लावू का?" आणि वाट बघत राहिले... नाही म्हणतील, मान फिरवतील, डाव्या हाताने का होईना, कातर आपटतील.

"बरं," म्हणाले.

लावला मग हिरवा. आता मला तो मुळीच आवडत नाही.