उपरणं खुंटीवर

थिंफूच्या किल्लेमठात उत्सवाची शेवटची पहाट होती. रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा होते. उपरण्याशिवाय भुतानी पुरुषाला आत सोडत नाहीत; आजोबांच्या खांद्यावर ते नव्हतं, म्हणून पहारेकऱ्याने त्यांना दारातच अडवलं.

"घरी खुंटीवर राहिलं वाटतं."

"छान! त्यालाच बसने पाठवायचं, तुम्ही राहायचं खुंटीवर," आजी म्हणाल्या.

"त्या गोऱ्या पर्यटकाला नुसत्या शर्टावर सोडलं की!"

"मग व्हा गोरे. वेळ आहे अजून."

"तू जा, ल्हादेन. ऊन आलं की आज उलगडलेलं गुरूंचं मोठं चित्र गुंडाळून ठेवतील. वर्षभर वाट पाहिलीस."

"जाणारच! तुमच्यासाठी थांबते की काय?"

आजी उंबऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"अगं, काय झालं?"

"आत गप्प राहावं लागतं. मला तुम्हाला अजून बरंच बोलायचंय. सरका तिकडे."