कोर्स पुरा करा

कर्करोग विभागाबाहेर नंबराची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेने वर्तमानपत्र उघडलं होतं, पण कान शेजारच्या म्हाताऱ्या औषधदुकानदाराकडे आणि त्याच्या बायकोकडे होते.

"कुठली गोळी लिहिली?"

"अगं, आपल्याच दुकानातली. घसा धरला की द्यायचो ते अँटिबायोटिक. माझ्या गाठीसारख्या गाठी त्याच्यापुढे नांगी टाकतात का, ते तपासतायत."

"म्हणजे चाळीस वर्षं औषध हाताशीच होतं?"

"हाताशी कसलं, मागच्या फळीवर. जुनाट म्हणून मीच ढकललेलं. काखेत कळसा."

"आणि गावाला वळसा. पण तुम्ही घ्याल का शेवटपर्यंत? तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की सोडून द्यायचात."

"हो ना. आणि गिऱ्हाइकांच्या पाकिटांवर शिक्का मारायचो, 'कोर्स पुरा करा'. शिक्का स्वतःच्या कपाळावर मारायला हवा होता."

"या वेळी किती दिवसांचा आहे?"

"विचारलं मी. डॉक्टर म्हणाले, गुण येतोय तोवर चालू ठेवायचा."

म्हातारीने पिशवीचे बंद उगाच घट्ट केले.

"तेव्हा या खेपेला," म्हातारा म्हणाला, "कोर्स पुरा नाही झाला तरच बरं."