कमळच्या दारचा माड

आम्ही भुईगावचे, बापजाद्यांचा धंदा माडी काढायचा, मिसरूड फुटायच्या आधी मी माडावर चढलो आनि धंदा बसला तरी चढनं काय सुटलं नाय, कारन सूनबाई शिकलेली आली, तिनं वाडीवाडीत बिनवायरचं इंटरनेट द्यायचं काम काढलं आनि म्हनाली बाबा, राउटरचे डबे बांधायला उंच खांब कुठून आनू, मी म्हटलं खांब देवानं लावून ठेवलेत.

काय सांगू तुम्हाला, माझी धाकटी बहीन कमळ वटारला दिलेली, जन्मापासून मुकी-बहिरी, नवरा गेला, एकुलता पोरगा कुवेतला. मायलेकांचं बोलनं सगळं हातांनी, म्हनजे फोनवर हात दिसायला पायजेत. वाडीत मोबाईलची रेंज टिकत नाय, नाक्यावर चल म्हटलं तर चार मानसांत ती हात उचलत नाय, लहानपनी पोरं लय चिडवायची. म्हनून एका माडावरून दुसऱ्यावर डबे बांधत मी तिच्या दारच्या माडापर्यंत नेलं. डब्यांत सूनबाईनं सगळ्यांसाठी खुलं असलेलं फुकटचं सॉफ्टवेअर घातलेलं, त्यानं एक डबा दुसऱ्याचं इंटरनेट धरून पुढं देतो, डबा बनवनाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला ते जमत नाय. कधी चित्र तुटलं की झावळी आड आलेली असायची, मी चढून कापायचो, की पोराचं तोंड परत दिसायचं आनि कमळ खालून हसायची.

यंदा बाजूला वीज पडून तिचा डबा जळाला. नवा आनला, तोच डबा, तेच खोकं, पन आत सूनबाईचं सॉफ्टवेअर घेईना. कंपनी म्हनते रेडिओचा नियम हाय, कोनी सिग्नलची ताकद हद्दीबाहेर वाढवू नये म्हनून बाहेरचं सॉफ्टवेअर बंद केलंय. सूनबाई रडकुंडीला आली, म्हनाली बाबा, आपन हद्द कधी ओलांडली, नियम एका खिडकीचा आनि ह्यांनी अख्ख्या घराला टाळं ठोकलं. जुना डबा तुळिंजला दुकान दुकान शोधला, नाय भेटला.

हे कमळला हातांनी कसं सांगू? तिला एवढंच ठाव, भाऊ चढला की पोरगा दिसतो. काळा पडलेला फोन मांडीवर घेऊन बसते, मी गेलो की आतून कोयता आनते आनि माडाकडे बोट करते. नाय म्हटलं तर तिला वाटेल भाऊ कंटाळला. म्हनून चढतो, चांगली हिरवी झावळी कापतो, उतरतो, ती फोनकडे बघते, मग माझ्याकडे. जीव नको होतो हो.

आता मधला कोंब तेवढा राहिलाय. तो छाटला की माड मरतो, तिलाही ठाव हाय, माडीवाल्याचीच लेक ती. देव तिच्या पोराला तिकडं सुखी ठेवो. काल मी गेलो तेव्हा उंबऱ्यावर बसून कोयत्याला धार लावत होती.