बसा आई, मी आहे न

— तसं नका लिहू मॅडम, फॉर्मात भूक कमी असं नका लिहू. भूक चांगली आहे आईची. आई म्हणजे माझ्या सासूबाई हो, पुष्पलताबाई, एकोणसत्तर चालू आहे — आत्ता तुमच्यासमोरून सोनोग्राफीले नेलं न, हिरव्या पातळातल्या, त्याच. मी वंदना, सून. हाव, खाण्यापिण्याचं मीच सांगन, देणारी मीच न. लिहा. सकाळी पोहे, वरून तर्री. अकराले चहा, बिस्किटं. दुपारी भरपूर जेवण. चारले सांबारवडी, नाहीतर समोसा, नाहीतर आमच्या ह्यायनं येताना आणलेली संत्रा बर्फी. रात्री चार पोळ्या, तेल लावून — तेल लावून, तेही लिहा. मागून एक घास नाही खाल्ला हो त्याईनं कधी, मीच देत गेली. अन् चालणं? चालणं... खुर्चीतून संडासले अन् संडासातून खुर्चीत, ते धरता का तुम्ही? नाही न. मग शून्य लिहा.

पहिलेपासून अशा होत्या का? बाप्पा! आमच्या महाल मोहल्ल्यातून बर्डीच्या बाजारात पायी जायच्या. ऑटोवाला मागं मागं यायचा, काकू बसा, काकू बसा — तर त्यालेच रागवायच्या, माझे पाय काय भाड्यानं दिले का रे म्हणून. बुधवारच्या बाजारातून दोन थैल्या भरून आणायच्या, दोन्ही हातात एकेक. भिवापूरची मिरची, वर्षाची, स्वतः कांडायच्या नाकाले पदर बांधून — आम्ही सगळे शिंकून शिंकून हैराण अन् ह्या हसून राहिल्या. छप्पन किलो वजन होतं. आता सत्त्याऐंशी. ते एकतीस किलो कुठून आले, तुमच्या फॉर्मात विचारलं नसन, पण मी सांगते. माझ्या हातानं आले.

आठ वर्षांआधी त्याईची एकसष्टी केली आम्ही. हॉल घेतला, एकसष्ट दिव्यांनी ओवाळलं, अन् मी सगळ्यांदेखत त्याईले खुर्ची दिली — मागं रेलता येते, पाय वर होतात, तशी. माईक घेऊन म्हटलं, आई, तुम्ही लय केलं, आता फक्त बसायचं, मी आहे न. अशा टाळ्या पडल्या! माझी नणंद त रडलीच. जो तो म्हणे, सून असावी तर अशी. आई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "मले कशाले वं खुर्ची, मी काय बिमार आहे?" सगळे हसले. मीही हसली. दुसऱ्या दिवशी पाचले उठून त्या विळी घेऊन बसल्या, मी हातातून घेतली — बसा आई, मी आहे न. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी विळी माळ्यावर टाकली अन् चाकू आणला, चाकूनं त्याईले चिरता येत नाही, हे मले माहीत होतं. बाजार ह्यायच्या गाडीवर. महिनाभर भांडल्या बिचाऱ्या, मग उठणंच सोडलं. अन् उठायले लागल्या का मी प्लेट आणून द्यायची. हातात प्लेट असली का माणूस बसते.

काय लिहिलं तुम्ही? सेवा? माय वं, सेवा नका लिहू! — सतरा वर्षं त्या घरात मी फोडणी दिली नव्हती मॅडम. कणीक मी मळायची, भांडी मी घासायची, पण मिसळणाचा डबा आईजवळ. तिखट किती, मीठ किती, सगळं त्या टाकणार. आता वाईट होत्या असं बिलकुल नाही हो, माझं बाळंतपण केलं त्याईनं, तीन महिने खाटेवरून हलू नाही दिलं मले — पण डबा नाही दिला. अन् मले डबा पाहिजे होता. त्याईले बसवल्याबिगर भेटत नव्हता, म्हणून बसवलं. हे मी ह्यायले नाही बोलली कधी, भूमिकाले नाही — भूमिका म्हणजे माझी पोरगी — अन् तुमच्यासमोर काहून बोलून राहिली, काय माहीत.

डॉक्टर म्हणाले न, एकाच गोष्टीनं होत नाही हा रोग, कोणाले दोष देऊ नका. पण हेही म्हणाले, का पाळी गेल्यावर वजन वाढलं, बसून राहिलं, शुगर झाली, का गर्भपिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढते. वजन, बसणं, शुगर — ते एकेक सांगून राहिले होते अन् मले खुर्ची दिसून राहिली होती. म्हणे दोष देऊ नका. डॉक्टरांले काय जाते म्हणायले!

पुढचं काय आहे? त्रास कधीपासून? — दोन महिने. फाइलीत आहे न, तेच उतरवा.

...हा कागद डॉक्टरांकडे जाते का? जाते? अन् फरक पडते का, दोन महिन्यांनी अन्... जास्तीनं? पडते.

खोडा मग. अकरा लिहा. पाहू नका अशा माझ्याकडं, लिहा अकरा. मांगच्या फेब्रुवारीत आई न्हाणीतून हाक मारून म्हणाल्या, "वंदना, मले डाग दिसला वं." अठरा वर्षं झाली होती पाळी जाऊन! अन् मले माहीत नव्हतं असं समजू नका — त्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाले एक डॉक्टरीण बोलावली होती आम्ही, ती ओरडून ओरडून सांगून गेली, पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी दाखवा. मी तिळगूळ वाटता वाटता ऐकलं. पण मार्चात भूमिकाचं साक्षगंध होतं मॅडम. इतकं चांगलं स्थळ — पोराकडच्यांच्या कानावर गेलं का घरात असली बिमारी आहे, तर? मी म्हटलं, आई, उष्णता असन, साक्षगंध होऊ द्या. मग म्हटलं लग्न होऊ द्या. लग्न डिसेंबरात. मधात दर महिन्याले मेडिकलमधून पॅडचं पाकीट मीच आणायची, भूमिकाचं म्हणून सांगायची, अन् आईच्या उशीखाली ठेवायची. म्हणजे विसरली असंही नाही म्हणता येत मले. दर महिन्याले आठवण होती.

अन् परवा डॉक्टरांनी विचारलं न, कधीपासून? आई माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या. मग त्याच बोलल्या, "झाले असतील दोन महिने. मीच कोणाले नाही सांगतलं, लाज वाटली." डॉक्टर रागावले त्याईले, इतकी शिकलेली सून घरात अन् लपवता? — अन् त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मी बाजूले बसली होती मॅडम. पर्स घट्ट धरून नुसती बसली होती.

आल्या का? हो, त्याच — भिंत धरून येऊन राहिल्या. आई, थांबा, बसा इथं, मी आ... नाही. या. हळूहळू या, चालत या, डॉक्टरांनी चालायले सांगतलं.

ह्या मॅडम आहेत आई, खाण्यापिण्याचं विचारून राहिल्या. — हो मॅडम, विचारा न त्याईलेच, सही त्याईचीच लागते न. विचारा, कधीपासून त्रास आहे.

...काय म्हणता आई? दोन?

दोन नाही आई. मी सांगतलं मॅडमले. सगळं सांगतलं. आता काहून लपवता, माझ्यासाठी कशाले... — आई, माझ्याकडं पाहा न. भूमिकाचं लग्न झालं. आता कोणाची भीती आहे तुम्हाले?

पुन्हा दोनच म्हणतात.

त्याईचं ऐकू नका मॅडम. अकरा लिहा, अन् डॉक्टरांकडे आत्ताच न्या तो कागद. सही मी नंतर घेते त्याईची, पेन ठेवा इथं. जा तुम्ही. जा न.